वेण्णा तलावावरचं जुनं गेस्टहाऊस: कुणाकडे काय माहिती आहे?

बोगद्यापलीकडची

वेण्णा तलावाच्या वरच्या अंगाला, मुख्य रस्ता सोडून झाडीत शिरलं की जांभ्याच्या गडग्यामागे एक बैठं, लांब व्हरांड्याचं गेस्टहाऊस दिसतं. लहानपणापासून महाबळेश्वरला जाणाऱ्या सातारकरांना मी कशाबद्दल बोलतेय ते लगेच कळेल. नाव मुद्दाम लिहीत नाही, मालक कुटुंबाची तशी इच्छा आहे. तुम्हीही लिहू नका. बरीच वर्षं ते बंद आहे. आता विक्रीची बोलणी चालू आहेत, आणि त्या घरातल्या बाईंनी मला आत जाऊन कागद पाहायची परवानगी दिली आहे. कपाटात पाहुण्यांच्या सह्यांची रजिस्टरं आहेत, खर्चाच्या वह्या आहेत, भिंतीवर नोकरमाणसांचा एक मोठा फोटो आहे. छत दोन ठिकाणी गळतंय. हे कागद आणखी एक पावसाळा काढतील असं मला वाटत नाही, म्हणून हा धागा.

महाबळेश्वरचा इतिहास म्हटलं की साहेबांची नावं सुरू होतात. १८२४ मध्ये साताऱ्याच्या फौजेवरचा लॉडविक डोंगर चढून वर आला. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने १८२९ मध्ये प्रतापसिंह महाराजांकडून ही जागा घेतली आणि बदल्यात वाईकडचं खंडाळा गाव दिलं. बाजाराची माल्कम पेठ झाली. आधी आजारी गोऱ्या सैनिकांच्या हवापालटासाठी आणि पुढे मुंबई सरकारचं उन्हाळ्यातलं बिऱ्हाड म्हणून हे गाव वाढलं. हे सगळं खरं आहे, पण तलाव साहेबाचा नाही. तो १८४२ सालचा, साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी बांधून घेतलेला. प्रतापसिंह महाराजांना १८३९ मध्येच गादीवरून काढून काशीला पाठवलं होतं, त्यामुळे तलावाचं श्रेय त्यांना देणारी जी वाक्यं फिरतात ती सालाशी जुळत नाहीत. तलाव झाला तो पाण्यासाठी. आजही महाबळेश्वर आणि पाचगणी त्याचंच पाणी पितात. बोटी, घोडे, मक्याची कणसं हे नंतरचं.

मला शोधायचंय ते असं: ही वास्तू कधीची? ती मुळात गेस्टहाऊस म्हणून बांधली की कुणाचा बंगला होता? आणि सगळ्यात महत्त्वाचं, फोटोतली ती माणसं कोण? सह्यांच्या रजिस्टरात पाहुण्यांची नावं, गावं, अभिप्राय सगळं आहे. ज्यांनी त्यांचं पाणी तापवलं त्यांचं एकही नाव नाही.

कौलारू

ताई, फार चांगलं काम हाती घेतलंत. वाई-पाचगणी पट्ट्यात मी जुन्या घरांची दुरुस्ती करतो, म्हणून दगड-लाकडापुरतं बोलतो.

जांभ्यावरून साल काढता येत नाही. खाणीतून काढताना तो मऊ असतो, हवेवर कडक होतो, आणि डोंगरावर सगळ्यांनी सगळ्या काळात तोच वापरला. कौलं मात्र बोलतात. एखादं सुटं कौल मिळालं तर पालथं करून बघा. मंगलोरला बासेल मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ मध्ये सुरू झाला, त्यामुळे तसला ठसा असलेलं छप्पर त्याच्या आधीचं असू शकत नाही. त्याआधी पुष्कळ बंगलेसुद्धा गवतानेच शाकारलेले असायचे. अर्थात कौलं बदललेलीही असू शकतात, तेव्हा वासे आणि त्यांचे सांधे बघा. जुन्या कामात लाकडी खुंट्या सापडतात.

दुसऱ्या प्रश्नाला नकाशा उत्तर देईल. मध्ये मोठा दिवाणखाना, त्यात शेगडीची चिमणी आणि त्यातूनच झोपायच्या खोल्यांत जायचं, अशी रचना असेल तर तो आधी राहता बंगला. प्रत्येक खोलीचं दार थेट व्हरांड्यात उघडत असेल आणि प्रत्येकीला स्वतंत्र मोरी असेल तर ते धंद्यासाठीच बांधलेलं. मोरीला मागून बाहेरचं दार आहे का तेही पाहा. नळ आणि संडासाची टाकी येण्याआधी पाणी भरणारा आणि मैला उचलणारा त्या दारानं यायचा, पाहुण्याच्या नजरेस न पडता. ते दार कशासाठी होतं हे तुमच्या लेखात आलंच पाहिजे. त्या दारानं कोण ये-जा करायचं आणि कुणाला पुढच्या दारात उभं राहायची मुभा नव्हती, हेही त्या घराच्या इतिहासात मोडतं.

बोगद्यापलीकडची

दोन्ही आहे! मधल्या भागात दिवाणखाना, चिमणी, चार खोल्या. त्याला काटकोनात जोडलेली एक रांग, तिथे प्रत्येक खोलीचं दार व्हरांड्यात. मागची दारं रांगेतल्या सगळ्या खोल्यांना आहेत, आता विटांनी बुजवलेली. मधल्या भागावर कौलं, रांगेवर पन्हाळी पत्रा.

कौलारू

मग मधला भाग आधीचा बंगला, रांग नंतर पाहुण्यांसाठी वाढवलेली. माझी खात्री आहे.

शेंबडी_करवंदं

आमच्याकडे सगळे म्हणायचे की ते चिनी कैद्यांनी बांधलंय. खरं का?

पसरणी_घाट

चिनी आणि मलाय कैदी महाबळेश्वरला होते, ही दंतकथा नाही. १८३४ च्या सुमाराला तिथे तुरुंग झाला आणि सिंगापूरकडच्या इंग्रजी वसाहतींतून कैदी आणले गेले. रस्त्यांची कामं आणि बागाईत त्यांच्याकडे होती. बटाटा आणि विलायती भाज्या डोंगरावर रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. शिक्षा संपल्यावर काही जण तिथेच राहिले. पण म्हणून प्रत्येक जुनी भिंत त्यांच्या नावावर लावता येत नाही. कौलारू यांनी सांगितलेली कौलं १८६५ नंतरची निघाली तर त्या छपराचा तरी त्यांच्याशी संबंध नाही.

गांधीजींचंही तसंच. महाबळेश्वर-पाचगणीतल्या निम्म्या बंगल्यांत ‘गांधीजी राहून गेले’ असं सांगतात. १९४४ मध्ये ते पाचगणीला दिलखुश बंगल्यात होते आणि १९४५ च्या एप्रिल-मेमध्ये महाबळेश्वरला मोरारजी कॅसलमध्ये. ताई, रजिस्टरात सही सापडल्याशिवाय ही गोष्ट लेखात घेऊ नका, कोणी कितीही आग्रह केला तरी.

आता रस्त्याबद्दल, कारण गेस्टहाऊस कधी चालू लागलं हे रस्त्यावर ठरतं. रेल्वे यायच्या आधी मुंबईचा माणूस एक तर बोटीने कोकणात उतरून पालखी-मेण्यातून घाट चढायचा, नाही तर पुण्याहून लांबचा रस्ता धरायचा. नोकरचाकर, भांडी, गाद्या सगळं बरोबर. इतकं करून येणारा माणूस चार दिवसांसाठी येत नाही. तो पूर्ण हंगामासाठी बंगला भाड्याने घेतो. पुण्याहून दक्षिणेला मीटर गेजची गाडी १८८० नंतरच्या दशकात आली आणि वाठार स्टेशन झालं. तिथून टांग्याने वाई, पसरणीचा घाट, पाचगणी आणि वर, सगळे मिळून ४० मैल. हंगामात वाठारला टांग्यांची झुंबड असायची, घोडी ठराविक टप्प्यांवर बदलायची. आता वकील, डॉक्टर, पारशी व्यापारी आठवड्यासाठी यायला लागले. त्यांना अख्खा बंगला नको, एक खोली आणि वेळेवर जेवण हवं. गेस्टहाऊस नावाचा धंदा त्यातून उभा राहिला. महाबळेश्वरचा क्लबसुद्धा १८८१ सालचाच. मोटारी आल्यावर वाठारचं महत्त्व गेलं आणि पाहुणे आणखी वाढले.

जावळीचा

ताई, त्या फोटोत माझे आजोबा आहेत. डावीकडे, उभ्या रांगेत, डोक्याला मुंडासं, हातात काही नाही. बाकीच्यांच्या हातात ट्रे नाही तर कापड आहे. आमच्या घरी त्याच फोटोची प्रत होती, ती आता पार पिवळी पडली आहे. धागा वाचून मी आत्याला फोन केला. तिचा जन्म त्याच गेस्टहाऊसच्या मागच्या चाळीतला.

आमचं मूळ गाव कोयनेच्या खोऱ्यात, तापोळ्याच्या पलीकडे. भात आणि नाचणी, बाकी डोंगर. खोऱ्यातली माणसं तूप, मध, कोंबड्या डोक्यावर घेऊन महाबळेश्वरच्या बाजारात चढायची. आजोबा असेच बापाबरोबर कोंबड्या विकायला आले आणि मिसरूड फुटायच्या आत तिथेच कामाला राहिले. सुरुवात बंबापासून. पहाटे सगळे झोपेत असताना तांब्याचे मोठे बंब पेटवायचे, घासलेटच्या रिकाम्या डब्यांना लाकडी दांडा ठोकून त्यातून कढत पाणी मागच्या दारांनी प्रत्येक मोरीत पोचवायचं. कौलारू यांनी लिहिलेली ती दारं आजोबांची वाट होती. पुढे ते मशालची, म्हणजे दिवे-भांडी बघणारे, झाले, मग खानसाम्याच्या हाताखाली आणि शेवटी स्वतः खानसामा. मालक पारशी. स्वयंपाकघर बंगल्यापासून वेगळं, मध्ये पत्र्याची वळचण. पावसाळी झडीत सूप थंड न होता नेणं ही आजोबांची फुशारकी होती. धनसाक, कटलेट, अंड्यावरची अकुरी, कॅरॅमल कस्टर्ड हे सगळं त्यांना यायचं. घरी आमच्यासाठी मात्र नाचणीची भाकरी आणि सुकटच. कस्टर्ड त्यांनी घरी एकदाच केलं, आत्याच्या लग्नात.

मेचा सीझन संपला की जूनच्या मध्याला सगळं बंद. हे आजच्या लोकांना सांगून पटत नाही. दुकानदार वाई-साताऱ्याला उतरायचे, बाजार ओस पडायचा. जायच्या आधी बंगला बांधायचा. गवताच्या ताट्या करून पश्चिमेच्या भिंती वरपासून खालपर्यंत झाकायच्या, कारण वर्षाला ६००० मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो आणि जांभा पाणी पितो. गाद्या गुंडाळून आढ्याला टांगायच्या. आमचं कुटुंब राखणीला मागे राहायचं. तांदूळ, नाचणी, सुकी मासळी आणि सरपण भरून ठेवलेलं. चार महिने धुकं, जळवा आणि खोल्याखोल्यांतून फिरवायच्या कोळशाच्या शेगड्या, नाही तर लाकडाला बुरशी धरते. दिवाळीच्या सीझनला पाहुणे यायचे तेव्हा त्यांना सगळं कोरडं, स्वच्छ मिळायचं. ते कोरडं ठेवलं कुणी हे कुणी विचारलं नाही. तुम्ही विचारलंत.

कोयनेचं धरण झालं आणि साठच्या दशकात आमचं गाव शिवसागराखाली गेलं. भावकी पांगली. कुणी सोलापूरकडे, कुणी सांगलीकडे, कुणी ठाण्या-रायगडात. आजोबांना ‘गाव’ म्हणून उरली ती गेस्टहाऊसमागची चाळ. तिथला मालक वाईट नव्हता, पण चाळ त्यांच्या नावावर कधीच नव्हती. आत्या म्हणते, खाली गाव पाण्यात आणि वर आम्ही लोकांना तलाव दाखवायचो.

११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाची भेग दिवाणखान्याच्या कोपऱ्यात दिसेल, चिमणीच्या बाजूला. त्या पहाटे आजोबा बंब पेटवायला उठले होते म्हणून सगळ्यात आधी बाहेर तेच पळाले, आणि तसेच परत आत गेले, कारण रांगेत एक म्हातारं जोडपं उतरलं होतं. दोघांना हाताला धरून अंगणात आणलं.

बोगद्यापलीकडची

दादा, वाचून बराच वेळ काही लिहवेना. भेग आहे, चिमणीच्या उजव्या हाताला, छतापर्यंत गेलेली. आत्यांना भेटायला मी येऊ का? त्या म्हणतील तिथे येईन.

दादर_टीटी

आम्ही सत्तरच्या दशकात तिथे उतरायचो. पोस्टकार्ड टाकून खोली धरायची, उत्तर यायचं पोस्टकार्डानेच. मुंबईहून पोलादपूरमार्गे आंबेनळी घाटाची एसटी, घाटात निम्मे प्रवासी आजारी. पोचल्यावर व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या आणि समोर झाडांतून तलावाचा तुकडा. चहा-नाश्ता-दोन जेवणं धरून एकच दर असायचा. जेवणाची घंटा व्हायची, मुलांची पंगत आधी. मेच्या सुरुवातीला शेवटच्या स्ट्रॉबेऱ्या, नंतर जांभळं आणि करवंदं. खानसामा उंच, शांत, मुंडासं बांधलेले. माझ्या धाकट्या भावाला ताप आला होता तेव्हा त्यांनी रोज वेगळी तांदळाची पेज करून खोलीत आणून दिली आणि बिलात लावू दिली नाही. ते बहुतेक तुमचेच आजोबा, जावळीकर दादा. आईची फार इच्छा होती त्यांचं नाव विचारून ठेवायची. नाव तुम्ही इथे लिहू नका, पण मला निरोपातून कळवाल का? आई अजून आहे.

जावळीचा

कळवतो ताई. आईंना नमस्कार सांगा.

टेबललँड

मनापासून वेगळं मत मांडतो, राग नसावा. मी इथेच वाढलो. जुन्या वास्तूंबद्दल बाहेरून येणाऱ्यांना जितका जिव्हाळा असतो तितका इथल्या पोरांना परवडत नाही. बंद पडलेल्या गेस्टहाऊसमध्ये कुणाला नोकरी नाही. नवं हॉटेल झालं तर वीस-पंचवीस घरं चालतील. जांभ्याची, कौलांची डागडुजी दरवर्षी करावी लागते, तो खर्च लेख लिहिणारे देणार आहेत का? आणि जावळीकरांच्या आजोबांच्या वाट्याला जी चाळ आली ती टिकवायची म्हणजे नेमकं काय टिकवायचं?

जावळीचा

दादा, तुमचा शेवटचा प्रश्न माझाही आहे. मला ती चाळ परत नको. पण ती होती हे पुसून जायला नको. पाडायचं की ठेवायचं हे मालक आणि सरकार बघतील. फोटो, वह्या आणि आत्याची आठवण वाचली पाहिजे, एवढंच मी म्हणतो. आणि नवं हॉटेल झालं तर पाणी कुठलं? हाच तलाव. मेमध्ये गावात पाणी कसं येतं ते तुम्ही रोज बघता.

सातबारा

पाडायचा निर्णय तितका सोपा नाही, म्हणून थोडं कायद्याचं. महाबळेश्वर-पाचगणी हा भाग १७ जानेवारी २००१ च्या केंद्राच्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. बांधकाम, झाडतोड, चढावर खोदाई यांवर बंधनं आहेत आणि वारसा वास्तूंचाही त्यात विचार आहे. शिवाय गिरिस्थानातले बरेचसे जुने बंगले सरकारी जमिनीवर भाडेपट्ट्याने आहेत. ताई, नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिकेचा उतारा काढा. त्यात पट्टा कधीचा, कुणाकडून कुणाकडे गेला, वापर ‘निवासी’ वरून कधी बदलला हे मिळू शकतं. मुंबईच्या पुराभिलेखागारात माल्कम पेठेचे जुने कागद आहेत. १८८५ चं सातारा जिल्ह्याचं गॅझेटियरही एकदा पूर्ण चाळा. त्यात महाबळेश्वरवर तपशीलवार मजकूर आहे आणि जावळीकर म्हणतात त्या ताट्यांची सवय साहेब लोकांनाही लावून घ्यावी लागली होती, हे त्यावरून कळतं.

टेबललँड यांच्या खर्चाच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही, तो मुद्दा खरा आहे.

बोगद्यापलीकडची

टेबललँड दादा, वास्तू वाचवण्याची मोहीम मी काढलेली नाही, तेवढी ताकदही माझ्याकडे नाही. पण विकत घेणाऱ्याला निदान कळावं की तो काय विकत घेतोय.

आता नवीन अडचण. वह्यांपैकी बऱ्याचशा गुजरातीत आहेत, त्या मला अडखळत वाचता येतात. सगळ्यात जुनी वही मात्र मोडीत आहे. पहिल्या काही पानांचे फोटो जोडलेत. कुणी वाचेल का?

कृष्णाकाठ_वाई

मी वाचतो. घरच्या जुन्या कागदांमुळे मोडीचा सराव आहे. पानं ओली झालीत, काही ओळी गेल्यात, तरी पुष्कळ लागतं.

ही खर्डेवजा वही आहे, कारकुनाच्या हातची. ‘लांकूडफाटा’, ‘कोळसा’, ‘दूध’, ‘घासलेट’, ‘गवत ताट्यांकरितां’, ‘धोबी’ असे खर्च. एक नोंद पुन्हा पुन्हा येते: ‘हमाली व टांगा भाडें, वाठार’. म्हणजे वही रेल्वे आल्यानंतरची, पसरणी_घाट यांचा तर्क बरोबर बसतो. पण पहिल्या भागात कुठेही खोलीचा नंबर नाही. फक्त ‘बंगल्यावर साहेब आले’, ‘बंगला खालीं झाला’. अख्खा बंगला हंगामासाठी जात होता हे उघड आहे. मध्येच एका पानावर ‘नवी चाळ, पत्रे, सुतार मजुरी’ (म्हणजे तुमची ती पत्र्याची रांग) असे खर्च सलग आहेत आणि त्यानंतर ‘१ नंबर’, ‘२ नंबर’, ‘३ नंबर’ सुरू होतात. त्याच पानांपासून ‘अंडीं’ आणि ‘पाव’ हे खर्चही एकदम वाढलेत. ताई, बंगल्याचं गेस्टहाऊस झालं ते याच पानावर. वर तिथी आणि शक आहे, पण शकाचा शेवटचा आकडा डागाखाली गेलाय. मूळ वही उजेडात तिरकी धरली तर दिसेल, फोटोत नाही दिसत.

आणखी एक. वहीच्या शेवटी पगाराचं पान आहे. त्यात नोकरांची नावं आहेत, गावासकट.

बोगद्यापलीकडची

पगाराचं पान! मी ते उलटलंच नव्हतं, पानं चिकटली आहेत म्हणून.

शनिवारी सकाळी मी वर जातेय, बाईंनी किल्ली द्यायचं कबूल केलंय. कृष्णाकाठ काका, तुम्हाला वाईहून घ्यायला मी येते. मूळ वही तुमच्याच हातानं उघडू या, चिकटलेली पानं मी ओढणार नाही. कौलारू दादा, जमलं तर तुम्हीही या, कौल पालथं करायला शिडीवर कुणीतरी हवं. जावळीकर दादा, आत्यांना तो चढ झेपणार नसेल तर मी फोटो भिंतीवरून उतरवून त्यांच्याकडे घेऊन येते, परवानगी घेतली आहे. त्या बोट ठेवून सांगतील तशी नावं लिहून घेऊ आणि पगाराच्या पानाशी ताडून बघू.

जावळीचा

आत्या येतेच म्हणते. गाडी करतो. फोटो चौकटीतून काढाल तेव्हा मागची बाजू पण बघा, आमच्या प्रतीच्या मागे पेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं होतं, ते आता वाचता येत नाही.